युद्ध ‘घोषित’ करायचं, ‘जाहीर’ करायचं की ‘पुकारायचं’?

सोंगटी : ‘ॲक्सिस अँड अलाइज ग्लोबल १९४०’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या पटावरच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या राजकीय नियमांचा मराठी गोषवारा आमच्या गटासाठी लिहिते आहे. बाकी सगळं मार्गी लागलं, एका वाक्यावर मात्र खेळ अडला. मी लिहिलं होतं, ‘युद्धाची घोषणा आपल्या पाळीत, लढाऊ हालचालींच्या टप्प्याच्या सुरुवातीला, पहिली सोंगटी हलवण्याआधी करावी.’ जपानच्या खेळाडूने हे वाचून ब्रिटनविरुद्ध घोषणा केली आणि लगेच मलायावर उतरला. ब्रिटनचा खेळाडू म्हणाला, आज नुसती घोषणा झाली, अंमल पुढच्या पाळीपासून. तिसऱ्याचं म्हणणं भलतंच : घोषणा केली की त्याच पाळीत हल्ला करायलाच हवा, नाहीतर घोषणा बाद. मूळ नियमात या दोघांचंही म्हणणं नाही. घोषणा केली त्या क्षणी युद्ध लागू होतं. हल्ला करता येतो, पण सक्ती नाही. हे सगळं पोटात घेणारं क्रियापद कुठलं?

नगारा : युद्ध पुकारणे. यात शंका कसली? संप पुकारतात, बंड पुकारतात, तसंच युद्ध. कानाला मराठी वाटतं आणि जोरही आहे.

बोरू : जोर आहे, पण नेमकेपणा नाही. ‘उद्या बंद पुकारला आहे’ या वाक्यात बंद उद्या आहे, पुकार आज. ‘सैन्याने बंड पुकारलं’ म्हटलं की बंड झालंसुद्धा. म्हणजे पुकारण्यात आज की उद्या हे ठरत नाही, आणि सोंगटीताईंच्या पटावर भांडण नेमकं त्यावरच झालं.

शुद्धमती : ‘घोषणा’ हा शब्द निर्दोष आहे. घुष् धातू, मोठ्याने सांगणे. युद्धघोषणा हा समास वर्तमानपत्रांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत रुळलेला आहे. खेळाडूंना तो कळला नाही म्हणून शब्द बदलायचा नसतो, खेळाडूंना समजावून सांगायचं असतं.

बोरू : त्या ब्रिटनच्या खेळाडूला असं का वाटलं, ते पाहा ना. आपण रोज ‘घोषणा’ कुठे ऐकतो? योजनेची घोषणा होते, अंमलबजावणी नंतर. मोर्चात घोषणा देतात, त्यातून काही लागू होत नाही. माणूस कानात साठलेल्या अर्थानेच वाचणार. ‘घोषणा’ म्हणजे ‘अजून व्हायचं आहे ते सांगणं’ असा अर्थ आज पक्का झाला आहे. धातू काय सांगतो याने त्या टेबलावरचा वाद मिटत नाही.

शुद्धमती : अपप्रयोगाला शरण जायचं ठरवलं तर कोशच बंद करावे लागतील.

पानगळ : मला ‘जाहीर’ आवडतो. दुष्काळ जाहीर करतात तेव्हा काय होतं? पाऊस कधीचाच गेलेला असतो, पण जाहीर झाल्या दिवसापासून नियम बदलतात, सवलती लागू होतात. खेळातही अगदी तेच आहे. सैन्य सीमेवर आधीपासूनच उभं असतं, जाहीर केल्याबरोबर शेजारचा प्रदेश शत्रूचा ठरतो.

शुद्धमती : जाहीर अरबी आहे. घरचा शब्द असताना उसना कशाला? शिवछत्रपतींनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी.

नगारा : तो कोश मला परम आदराचा आहे. पण त्यानंतरही किल्ला, फौज, मोहीम आपण टाकले नाहीत, आणि हे तिन्ही मुळात अरबीच. लढाईच्या मराठीतून ते काढलेत तर वाक्यच उभं राहणार नाही. जाहीर आपल्या घरात इतका काळ राहिला आहे की त्याला उसना म्हणणं अन्याय आहे.

पानगळ : आणि त्याचा मूळ अर्थ ‘उघड, प्रकट’ असाच आहे. म्हणजे जे आहे ते सर्वांसमोर आणणं.

बोरू : मग माझी अडचण नेमकी तिथेच आहे. ‘जे आहे ते उघड करणं’ आणि ‘नव्हतं ते अस्तित्वात आणणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळात जपानने म्हणेपर्यंत युद्ध नसतंच. इतिहासात दोन्ही प्रकार सापडतात. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, ८ तारखेला अमेरिकन काँग्रेसने ठराव केला. त्या ठरावाची भाषा अशी की अमेरिकेवर लादली गेलेली ‘युद्धस्थिती’ औपचारिकपणे जाहीर करण्यात येत आहे. म्हणजे स्थिती आधी, जाहीर नंतर. उलट ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर केलं आणि पश्चिम आघाडीवर पुढे कित्येक महिने मोठी लढाई झालीच नाही. युद्ध होतं, लढाई नव्हती. सोंगटीताई, तुमच्या तिसऱ्या खेळाडूला हेच उदाहरण द्या.

सोंगटी : दिलं. तो म्हणतो इतिहास वेगळा, पट वेगळा. पण तुमच्यामुळे मुद्दा सापडला. खेळातच याचा पुरावा आहे. अमेरिकेला सुरुवातीला युद्ध करायला मनाई असते. कुणीच तिला युद्धात ओढलं नाही तर तिच्या तिसऱ्या पाळीत, उत्पन्न गोळा करण्याच्या टप्प्याच्या सुरुवातीला, ती युद्ध जाहीर करू शकते. तोपर्यंत लढाईचा टप्पा उलटून गेलेला असतो, हल्ला करणं शक्यच नाही. तरी युद्ध लागू. म्हणजे जाहीर करणं आणि हल्ला करणं यांची फारकत खुद्द नियमानेच केली आहे.

मुहूर्त : आणखी एक बारकावा. ज्या पाळीत तुम्ही युद्धात उतरता, त्या पाळीत नुकत्याच शत्रूच्या झालेल्या समुद्रात आधीपासून उभ्या असलेल्या तुमच्या वाहतूक जहाजांत सैन्य चढवता येतं. एरवी शत्रूच्या पाण्यात ते चालत नाही. ही सवलत समजायची तर ‘त्या क्षणी पाणी शत्रूचं झालं’ हे वाक्यात यायलाच हवं. म्हणून मी क्रियापदाचा हट्ट सोडून ‘युद्धस्थिती लागू करणे’ असं लिहिलं असतं.

शुद्धमती : ‘लागू करणे’ ही कार्यालयीन मराठी झाली. संचारबंदी लागू करतात, युद्ध नाही.

मुहूर्त : नियमपुस्तिका हे कार्यालयीन लेखनच आहे. तिथे रणशिंग फुंकून चालत नाही, शब्द नेमका लागतो.

नगारा : प्रत्येक खेळात हा शब्द वेगळं काम करतो, हेही लक्षात घ्या. ‘रिस्क’मध्ये युद्ध जाहीर करणं नाहीच, कुठून कुठे हल्ला ते बोलून दाखवायचं आणि फासे टाकायचे. तिथे ‘हल्ला पुकारणे’ चपखल बसतं. ‘डिप्लोमसी’त तर तेवढंही नाही. सगळ्यांनी हुकूम गुपचूप लिहायचे, एकदम उघडायचे, आणि मित्राची सेना आपल्या प्रांतात घुसलेली तेव्हा कळायची. ‘हिअर आय स्टँड’मध्ये युद्ध जाहीर करायला राजनैतिक टप्प्यात वेगळी जागा आहे आणि त्याची किंमत पत्त्यांवरच्या ‘कमांड पॉइंट्स’मध्ये मोजावी लागते. एकच मराठी शब्द या सगळ्यांवर लादायचा अट्टहास नको.

पानगळ : ‘पूर्वसूचना’ हा विचार कुणी केला का? १९०७ च्या हेग कराराप्रमाणे आधी स्पष्ट सूचना दिल्याशिवाय शत्रुत्वाची कृती सुरू करायची नाही. सूचनेचे प्रकार दोन : कारणांसह युद्धाची घोषणा, किंवा अट घालून दिलेला निर्वाणीचा खलिता.

बोरू : खरं आहे, पण किती आधी ते त्या करारात लिहिलेलं नाही. त्यामुळे जाहीर करून त्याच पाळीत मलायावर उतरणारा जपान पटावर नियमातच राहतो. ‘पूर्वसूचना’ लिहिलंत तर ब्रिटनच्या खेळाडूला पुन्हा बळ मिळेल.

पानगळ : ‘निर्वाणीचा खलिता’ किती भारदस्त आहे पण. हल्ली सगळे ‘अल्टिमेटम’च लिहितात.

शुद्धमती : खलिता तरी कुठे संस्कृत आहे? ‘अंतिम इशारा’ म्हणा.

नगारा : अंतिम इशारा वीजबिल थकलं की येतो. राजा राजाला खलिता पाठवतो. या शब्दाला मी हात लावू देणार नाही.

सोंगटी : मंडळी, सध्या मी असं लिहिलं आहे : ‘युद्ध जाहीर करताच दोन्ही देशांत युद्धस्थिती लागू होते. त्या पाळीत हल्ला करण्याची सक्ती नाही.’ दोन वाक्यं झाली, एका शब्दात बसलं नाही. आता पुढचं पान. तटस्थ देश तीन प्रकारचे आहेत : कुणाकडेच न झुकणारे (स्वीडन, तुर्कस्तान), मित्रराष्ट्रांकडे झुकलेले (ग्रीस, युगोस्लाव्हिया) आणि अक्षराष्ट्रांकडे झुकलेले (फिनलंड, बल्गेरिया). ‘झुकलेला तटस्थ’ चालेल का?

शुद्धमती : मुळीच नाही. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. झुकला की काठ सुटला.

मुहूर्त : ‘अनुकूल तटस्थ’ लिहा.

बोरू : अनुकूल कुणाला, ते प्रत्येक ठिकाणी सांगावं लागेल. शिवाय पहिल्या गटाला निराळं नाव हवंच. त्यांतल्या एकावर कुणी हल्ला केला की बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूकडे कलतात, मग त्यांना काय म्हणणार?

नगारा : कललेले. ‘झुकलेले’मध्ये शरण गेल्याचा वास येतो.

शुद्धमती : युद्धघोषणेबद्दलचं माझं मत मी मागे घेतलेलं नाही, याची नोंद असावी.