मदत हवी आहे: फ्रेंच राज्यक्रांती मुलांना कशी सांगू?

नमस्कार मंडळी. शनिवारी गावच्या वाचनालयात दहावीच्या मुलांशी लोकशाहीच्या जन्मावर बोलायचंय. १७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सगळे समान. पण १७९१ च्या संविधानात मत कुणाला, तर किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांनाच. ऑलिम्प द गूज या फ्रेंच लेखिकेनं त्याच वर्षी स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. तिथल्या बायकांना मताधिकार मिळायला १९४४ उजाडलं! हे वाचून जीव तुटतो.

अडलंय ते पुढच्या भागात. २०१९ मध्ये फ्रान्सनं सोडत काढून १५० नागरिक निवडले आणि हवामानबदलावर त्यांच्याकडून शिफारशी घेतल्या. अशी नागरिकसभा संसदेला बळ देते की बगल? मुलांना पटेल असं उदाहरण किंवा सोपं मराठी वाचन कुणी सुचवाल का?