मदत हवी आहे: ॲपच्या ऑटो-पेनं गेलेले पैसे परत मिळेनात, ग्राहक आयोगात कोणी गेलंय का?

नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. परवा आईचं पासबुक भरून आणलं, तर दर महिन्याला २९९ रुपये वजा. सात नोंदी! तिनं भजनं ऐकायला एक ॲप घेतलं होतं, 'पहिला महिना मोफत' बघून. सदस्यत्व रद्द करायला गेलो तर 'चालू ठेवा'चं बटण हिरवं, ठळक आणि 'रद्द करा' फिक्या करड्या अक्षरांत, पार तळाला. ते दाबलं की पुन्हा पहिलंच पान. आई बिचारी स्वतःलाच दोष देत बसलीय. तेच मला जास्त लागलं.

यूपीआयमधून ऑटो-पे बंद केलं, पण गेलेले पैसे परत हवेत. वाचलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये असे १३ फसवे प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातलीय, त्यात हा सदस्यत्वाचा सापळाही आहे. अमेरिकेत तर 'प्राइम' या सशुल्क सदस्यत्वाच्या अशाच तक्रारींवरून तिथल्या व्यापार आयोगानं ॲमेझॉनवर खटला भरला, आणि २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून झाली. कंपनीचं उत्तर एकच, 'अटी मान्य केल्या होत्या.' आता कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात जायचा विचार आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही म्हणे. वकिलाशिवाय कोणी केस चालवलीय का? ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर अर्ज भरताना पुरावा म्हणून स्क्रीनशॉट चालले, की स्क्रीन रेकॉर्डिंगही लावलं? आधी नोटीस पाठवली होती का? अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.