शब्दचर्चा: 'डिफॉल्ट ब्राउझर', 'चॉइस स्क्रीन', 'अँटीट्रस्ट'

अनुस्वार: मोबाइलवरच्या ब्राउझर-निवडीबद्दल मराठीत लिहिताना हे तीन शब्द अडतात. 'अँटीट्रस्ट'साठी यंत्रानुवाद 'विश्वासविरोधी' देतो, तो हसून सोडून देऊ. पण 'मक्तेदारीविरोधी' सगळीकडे चालेल का?

जोडाक्षर: अमेरिकेपुरता चालेल. १८८२ साली स्टँडर्ड ऑइलने अनेक कंपन्यांचे समभाग एका विश्वस्त मंडळाच्या हाती सोपवले, त्या रचनेला 'ट्रस्ट' म्हणत. १८९०चा शर्मन कायदा अशा रचनांविरुद्ध आला. त्याच्या कलम २ मध्ये गैरमार्गाने मक्तेदारी मिळवणे किंवा टिकवणे हाच दोष आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये न्या. अमित मेहता यांनी शोधसेवेच्या बाबतीत गूगलला मक्तेदार ठरवले ते याच कलमाखाली.

भारतात मात्र हा शब्द जपून वापरावा. स्पर्धा कायदा, २००२च्या कलम ४ मध्ये बंदी आहे ती वर्चस्वाच्या गैरवापराला. नुसते वर्चस्व असणे बेकायदा नाही. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला तो गैरवापराबद्दल. त्यामुळे 'मक्तेदारीबद्दल दंड' हा मथळा चूक. 'मक्तेदारी' नावातच असलेला आपला १९६९चा कायदा २००९ मध्ये रद्द झाला.

काना-मात्रा: जोडाक्षरांचे कायद्यापुरते मान्य. पण 'मक्तेदारी' सोडून 'एकाधिकार' घ्या असे कोणी म्हणेल, तर माझा विरोध. मक्ता म्हणजे ठराविक रक्कम भरून घेतलेला हक्क, जसा जकातीचा किंवा बाजाराचा. गूगलने २०२१ या एका वर्षात डिफॉल्ट जागा, म्हणजे वापरणाऱ्याने काही न निवडता गूगलचीच शोधसेवा लागावी अशी सोय, मिळवण्यासाठी अ‍ॅपल, सॅमसंग वगैरेंना मिळून २,६३० कोटी डॉलर मोजले. याला मक्ता नाही तर काय म्हणायचे? 'एकाधिकारा'त पैसे भरल्याची छटा येत नाही. न्या. मेहतांच्याच सप्टेंबर २०२५च्या निकालात 'फक्त आम्हीच' अशा अटीच्या करारांना मनाई झाली, पैसे देण्याला नाही. मक्ता राहिला, एकट्याचा राहिला नाही.

अनुस्वार: आणि 'डिफॉल्ट'? काही मराठी सॉफ्टवेअरमध्ये 'मूलभूत' दिसतो, काहींत 'पूर्वनिर्धारित'.

जोडाक्षर: 'मूलभूत' सरळ चूक, तो पायाभूत गोष्टींसाठी. 'पूर्वनिर्धारित' अर्थाने बरोबर, पण बटणावर मावत नाही आणि बदलता येणार नाही असे सुचवतो. कर्जातला 'डिफॉल्ट' म्हणजे कसूर, आणि संगणकातलाही त्याच मुळाचा: वापरणाऱ्याने काही सांगितलेच नाही, तर जे लागू होते ते. म्हणून समजावताना 'न निवडता मिळणारा' म्हणावे. फोनच्या मराठी सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट' असेच येते, तेव्हा पायऱ्या सांगताना दुसरा शब्द घालून वाचकाला चकवू नये.

वेलांटी: पायऱ्यांमध्ये खरा घोळ वेगळाच होतो. 'ब्राउझर' (जसे क्रोम) आणि 'शोधयंत्र' (जसे गूगल) हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात. अँड्रॉइडवर 'सेटिंग्ज', 'अ‍ॅप्स', 'डीफॉल्ट अ‍ॅप्स', 'ब्राउझर अ‍ॅप' असे गेलात तर बदलतो तो ब्राउझर, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक कशात उघडेल ते (फोनच्या कंपनीप्रमाणे नावे थोडी बदलतात). शोधयंत्र ब्राउझरच्या आत बदलायचे: क्रोममध्ये तीन ठिपके, 'सेटिंग्ज', 'शोध इंजिन'. दोन्ही बदलूनही होम स्क्रीनवरची गूगलची शोधपट्टी गूगलचीच राहते. फोन काढू देत असेल तर ती दाबून धरून काढावी आणि हव्या त्या अ‍ॅपचे विजेट ठेवावे. इन्स्टाग्रामसारखी अ‍ॅप्स लिंक स्वतःच्याच खिडकीत उघडतात, तिथे तुमची निवड पोचतच नाही.

काना-मात्रा: 'चॉइस स्क्रीन'ला, म्हणजे फोनवर पर्यायांची यादी दाखवून एक निवडायला सांगणाऱ्या पडद्याला, 'निवडपडदा' सुचवतो.

वेलांटी: चालेल, पण कशाची निवड ते प्रत्येक वेळी लिहा. भारतात गूगलने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेला पडदा शोधयंत्राचा, तोही नवा अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेट सुरू करताना. जुन्या फोनवर वाट पाहू नये. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून आयफोनवर सफारी उघडताना येऊ लागला तो ब्राउझरचा. आणि शब्दात 'निवड' आहे म्हणून भुलू नका. युरोपात अँड्रॉइडच्या शोधयंत्र-पडद्यावरच्या जागांचा २०२० मध्ये चक्क लिलाव व्हायचा. सप्टेंबर २०२१ पासून त्या फुकट झाल्या.

अनुस्वार: मग युरोपातल्या आयफोनसाठी 'ब्राउझर-निवडपडदा', भारतातल्या अँड्रॉइडसाठी 'शोधयंत्र-निवडपडदा' असे लिहितो.

जोडाक्षर: जोडरेघ मात्र ठेवा. 'शोधयंत्रनिवडपडदा' कोणी वाचणार नाही.