पुंजयामिकीची ओळख करून देताना पहिला प्रयोग कोणता घ्यावा?

प्रश्न
शालेय भौतिकशास्त्र झालेल्या, पण विकलक समीकरणे न शिकलेल्या विद्यार्थ्यांना पुंजयामिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) ओळख करून द्यायची आहे. बहुतेक पाठ्यपुस्तके कृष्णवस्तूच्या (सर्व प्रकाश शोषून घेणाऱ्या आदर्श वस्तूच्या) प्रारणापासून निघून लवकरच श्रोडिंजरच्या समीकरणाकडे, म्हणजे पुंजयामिकीच्या मूळ समीकरणाकडे, वळतात. विद्यार्थी गणिते सोडवतात, पण मुळात नवे काय आहे हे त्यांना उमगत नाही. लेझरचा प्रकाश दोन फटींतून पाठवून पडद्यावरचे पट्टे दाखवले तर पुरेसे होईल का?

प्रतिसाद १
माझ्या मते नाही. ते पट्टे तरंगसिद्धान्ताने पूर्णपणे समजावता येतात, त्यासाठी फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणांची, गरजच पडत नाही. टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एकेक इलेक्ट्रॉन सोडून केलेल्या प्रयोगाची छायाचित्रे मात्र जरूर दाखवा. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकच ठिपका उमटवतो, सुरुवातीला ठिपके वाटेल तसे विखुरलेले दिसतात आणि हजारो ठिपके साठल्यावरच त्यांतून पट्टे उभे राहतात.

प्रतिसाद २
मी स्टर्न आणि गेरलाख यांच्या १९२२ च्या प्रयोगापासून सुरुवात करीन. चांदीचा प्रत्येक अणू इवल्या चुंबकासारखा वागतो; अशा अणूंचा झोत विषम (जागोजागी तीव्रता बदलणाऱ्या) चुंबकीय क्षेत्रातून गेला की हे चुंबक कसेही वळलेले असल्याने पडद्यावर सलग पट्टा उमटावा, अशी अभिजात भौतिकशास्त्राची अपेक्षा. प्रत्यक्षात झोताचे दोनच भाग होतात. (फिरकीची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगभूत कोनीय संवेगाची (स्पिनची), कल्पना १९२५ मध्ये मांडली गेली, म्हणजे निष्कर्ष आधी आला आणि त्याचे खरे स्पष्टीकरण नंतर, हेही विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.)

खरी गंमत चुंबक एकापुढे एक ठेवल्यावर आहे. पहिल्या चुंबकातून ‘वर’ गेलेले अणूच निवडून तशाच दुसऱ्या चुंबकातून पाठवले, तर सगळे ‘वर’च जातात. पण मध्ये आडवा चुंबक ठेवून त्यातून ‘उजवीकडे’ गेलेले अणू पुढे पाठवले, तर शेवटी निम्मे ‘वर’ आणि निम्मे ‘खाली’ मिळतात. प्रत्येक टप्प्याआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घ्यावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एक शंका आहे: मधल्या चुंबकाने अणूला धक्का दिला आणि त्यामुळे त्याचे ‘वर’पण बिघडले, असे विद्यार्थी म्हणाले तर काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद २
ही शंका त्यांनी घ्यायलाच हवी. मधल्या टप्प्यातले दोन्ही झोत, अणू कोणत्या वाटेने गेला याची कोठेही नोंद राहू न देता, काटेकोरपणे पुन्हा एकत्र आणले, तर सिद्धान्तानुसार शेवटी सगळे अणू ‘वर’च मिळतात. धक्क्याने ‘वर’पण नष्ट होत असते, तर नुसते झोत जोडल्याने ते परत आले नसते.

चुंबकांनी हे साधणे फार अवघड असते, पण प्रकाशात कॅल्साइटच्या स्फटिकाने किरण दोन ध्रुवीकरणांत (प्रकाशतरंगाच्या कंपनाच्या दोन दिशांत) विभागून ते पुन्हा जोडता येतात. मार्गांची लांबी नीट जुळवली तर ४५ अंशांचे मूळ ध्रुवीकरण परत मिळते, आणि एक वाट अडवली की ते हरवते. तेजस्वी प्रकाशात याचेही स्पष्टीकरण तरंगसिद्धान्त देतो, त्यामुळे एकेका फोटॉनबाबतही हेच घडते हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.