गॅलॅक्टिका जुनी की नवी? पुण्यातल्या चाहत्यांचे अनुभव

मागच्या महिन्यात कर्वेनगरला एका मैत्रिणीकडे आम्ही सात-आठ जण जेवायला जमलो होतो. पिठलं-भाकरी झाली, ताक झालं, आणि कुणीतरी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा विषय काढला. रात्री साडेबारा वाजले तरी कुणी उठेना. दोघं तर एकमेकांवर खरोखरच चिडले. हा विषय जेवणाच्या पानावर संपणारा नाही असं तेव्हाच वाटलं, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ मालिका 1978 ची, ग्लेन लार्सन यांची. बारा वसाहतींतली माणसं सायलॉन नावाच्या यंत्रमानवांच्या हल्ल्यात जवळजवळ नष्ट होतात, आणि उरलेले लोक एका युद्धनौकेच्या आधारानं पृथ्वी शोधत निघतात. ती एका वर्षात बंद पडली. डिसेंबर 2003 मध्ये रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी तीच कथा नव्यानं मांडली, आणि ती 2009 पर्यंत चालली. मूळ कथेत सायलॉन एका परक्या सरपटणाऱ्या जमातीनं बनवलेले होते. नवीत ते माणसानंच राबायला बनवले, ते उलटले, आणि चाळीस वर्षांनी माणसाचं रूप घेऊन परत आले. भांडणाचं मूळ इथंच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मी नवी मालिका 2009 च्या पावसाळ्यात वसतिगृहात पाहिली, खोलीतल्या चौघी एका लॅपटॉपसमोर. इतकी मोठी मालिका मी नंतर पाहिली नाही. आणि तिच्या शेवटानं मला जितकं दुखावलं तितकं दुसऱ्या कुठल्याही मालिकेनं दुखावलं नाही. तुम्ही कधी पाहिलीत, कुणाबरोबर पाहिलीत, आणि कुठं जुळलं, कुठं तुटलं ते लिहा. शेवटाची चर्चा होणार आहे, तेव्हा ज्यांची पाहायची राहिली आहे त्यांनी जपून वाचा.

सहकारनगर, वय 70

मी जुन्या बाजूचा. 1978 मध्ये मिशिगनला एम.एस. करायला गेलो होतो. जाऊन महिना झाला नव्हता. वसतिगृहाच्या हॉलमध्ये एकच टीव्ही होता. 17 सप्टेंबरला, रविवारी रात्री, पहिला भाग लागला. आम्ही तिघं भारतीय मागच्या बाकावर होतो. पडद्यावर वसाहती जळत होत्या आणि मध्येच कार्यक्रम थांबला. कार्टर, बेगिन आणि सादात दिसायला लागले. इजिप्त आणि इस्रायलमधला कॅम्प डेव्हिडचा शांतता करार झाला होता. सगळे गप्प होऊन बघत राहिलो. मालिकेतल्या नाशाची सुरुवात शांततेच्या खोट्या करारानं होते, आणि ती बघताना खऱ्या शांततेच्या कराराची बातमी आली, हे मी आजतागायत विसरलेलो नाही.

घरापासून इतका लांब मी पहिल्यांदाच गेलो होतो. फोन परवडत नव्हता, पत्राला पंधरा दिवस लागायचे. घर गमावलेली माणसं एकमेकांना धरून प्रवास करतायत, नौकेचा कमांडर अडामा बापासारखा सगळ्यांना सांभाळतोय, आणि संकटातसुद्धा स्टारबक आणि अपोलो या दोन वैमानिकांची मैत्री हसरी आहे, याचा मला त्या हिवाळ्यात फार आधार होता. पुढच्या एप्रिलमध्ये ती बंद झाली तेव्हा मला खरंच पोरकं वाटलं.

मुलानं 2005 मध्ये नवीची डीव्हीडी आणून दिली. तीन तासांची सुरुवातीची कथा पाहिली आणि पुढं पाहिली नाही. सगळे एकमेकांवर ओरडतायत, बाप-मुलगा बोलत नाहीत, अध्यक्षबाईंना कॅन्सर, आणि माझा स्टारबक आता बाई. बाई असण्याला माझा विरोध नाही. पण मग तिला दुसरं नाव द्यायचं होतं. ज्या माणसाबरोबर मी एक वर्ष काढलं त्याला तुम्ही पुसून टाकलंत.

लोहगाव

काका, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण माझी बाजू ऐका. आमचं घर विमानतळाच्या भिंतीपासून जवळ. लहानपणापासून सुखोई डोक्यावरून गेलं की वर्गात बाई बोलायच्या थांबायच्या, आवाज गेला की पुढचं वाक्य. मी आठवीत म्हणाले की मला हे चालवायचंय, तर घरातले सगळे गोड हसले. तेव्हा भारतीय हवाई दलात लढाऊ विमानं मुलींना मिळतच नव्हती. पहिल्या तिघी 2016 मध्ये आल्या, तोपर्यंत माझं वय निघून गेलं होतं.

मी केटी सॅकॉफची स्टारबक कॉलेजात असताना पाहिली. ती चुकते, पत्त्यांवरून मारामारी करते, वरिष्ठांना उलटून बोलते, आणि वायपर या लढाऊ यानात बसली की तिच्यासारखं कुणी नाही. आदर्श मुलगी असती तर मला तिचं काहीच वाटलं नसतं. नाव बदललं असतं तर ती एक नवी वैमानिक झाली असती, येऊन-जाऊन बाजूची. स्टारबक हेच नाव दिल्यामुळं ती जागा तिची झाली. तुमचा स्टारबक पुसला गेला असं तुम्हाला वाटतं. माझ्या दृष्टीनं ती खुर्ची पहिल्यांदा माझ्यासाठी रिकामी झाली. (मूळचा स्टारबक साकारणाऱ्या डर्क बेनेडिक्ट यांनी या बदलावर फार कडवट लेख लिहिला होता. तो वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते.)

सदाशिव पेठ

आमच्याकडे भांडण शीर्षकगीतावरून झालं. नव्या मालिकेच्या सुरुवातीला एक बाई संथ स्वरात गाते, आणि ते शब्द आहेत गायत्री मंत्राचे. ॐ भूर्भुवः स्वः. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागं नेऊन परत लावलं. देवघर आणि टीव्हीची खोली यांच्यात फक्त पडदा. आजी पडदा सारून आली नि म्हणाली, "कोण म्हणतंय रे गायत्री?" मी दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं. "चाल निराळी आहे, पण म्हणतेय मनापासून," म्हणाली आणि परत आत गेली.

काकांना मात्र पटलं नाही. ते पाठशाळेत शिकलेले. मंत्र चालीवर म्हणायचा नसतो, उदात्त-अनुदात्त चुकले की तो मंत्र राहत नाही, आणि त्यानंतर लगेच ढोल वाजतात आणि स्फोट दिसतात हे त्यांना अजिबात सहन झालं नाही. मला त्यांचा मुद्दा कळतो. तरी मला वाटतं संगीतकार रिचर्ड गिब्स यांच्या हाती नेमकी ऋचा लागली. 'धियो यो नः प्रचोदयात्', आमच्या बुद्धीला प्रेरणा दे. ज्यांनी यंत्रात बुद्धी घातली आणि स्वतःची वापरली नाही अशा माणसांची ही गोष्ट. शिवाय हे सगळं पूर्वी घडलंय आणि पुन्हा घडणार, हे मालिकेत सारखं येतं. युगांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना त्यात नवल नाही, ओळख आहे.

अप्पा बळवंत चौक परिसर

आमचा बाइंडिंगचा व्यवसाय, वडिलांपासूनचा. तुम्ही सगळे कथेवर बोलताय, मी कागदावर बोलतो. नव्या मालिकेत प्रत्येक कागदाचे चारही कोपरे कापलेले आहेत. पत्रं, नकाशे, पुस्तकं, फायली, सगळं अष्टकोनी. पहिल्या भागात मला वाटलं एखादाच असेल. मग मी गोष्ट सोडून कागदच बघायला लागलो. एकही कागद चुकलेला दिसला नाही.

आमच्याकडे कटिंग मशीनवर रिम लावताना काटकोन साधण्यातच अर्धं कसब असतं. एक बाजू सुताभर सरकली की पुस्तक उघडताना पान तिरकं येतं. इथं या लोकांनी प्रत्येक कागदाला आठ बाजू दिल्यात. इंग्रजीत काटकसरीला 'कोपरे कापणं' म्हणतात, आणि पैसे वाचवा असा दबाव आल्यावर त्यांनी कोपरेच कापायचं ठरवलं, असं त्यामागचं कारण सांगतात. ज्यांनी हे सहा वर्षं निभावलं त्यांनी जुन्या मालिकेचा अपमान केला असं मी म्हणू शकत नाही. एवढी मेहनत माणूस जिव्हाळ्याशिवाय करत नाही.

हिंजवडी, नेटवर्क सिक्युरिटी

थोडक्यात लिहितो. नव्या मालिकेत गॅलॅक्टिका वाचते, कारण ती म्हातारी आहे. तिचं संग्रहालय व्हायचं असतं. तारेचे फोन, एकमेकांना न जोडलेले संगणक. नव्या झकपक नौकांच्या प्रणालीत बाल्टर या शास्त्रज्ञाच्या प्रोग्राममधून सायलॉन शिरतात आणि त्या जागच्या जागी बंद पडतात. 2003 मध्ये हे लिहिलं गेलंय. मी नव्या मुलांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हाच भाग बघायला सांगतो.

कोंढवा, परिचारिका

मी ही मालिका 2020 च्या सप्टेंबरमध्ये पाहिली. आम्हाला घरी जायची परवानगी नव्हती, एका लॉजमध्ये ठेवलं होतं. पीपीई काढल्यावर चेहऱ्यावर मास्कचे वळ उठलेले असायचे, झोप येत नसे. भावानं फोनवर टाकून दिली होती, पण म्हणाला, "तू बघू नकोस, फार उदास आहे, जुनीच बघ."

'33' नावाचा भाग लागला. दर 33 मिनिटांनी सायलॉन येतात. पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. अध्यक्षांच्या मागं एक पांढरा फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा. तो खोडून कमी करत राहतात. आमच्या वॉर्डात तसाच फळा होता. सकाळच्या ड्यूटीला मी तो ओल्या बोळ्यानं पुसून लिहायचे. मार्करची शाई संपत आलेली, तीनचा आकडा दोनदा गिरवावा लागायचा. भागाच्या शेवटी एक बाळ जन्मतं आणि फळ्यावरचा आकडा एकनं वाढतो. मी लॉजच्या पलंगावर बसून तासभर रडले. मार्चपासून रडले नव्हते.

म्हणून 'नवी फार काळोखी' असं कुणी म्हटलं की मी वाद घालत नाही, पण मला ते मान्य नाही.

सिंहगड रस्ता, निवृत्त मुख्याध्यापिका

लॉरा रोझलिन शिक्षणमंत्री असते. अध्यक्षपदाच्या रांगेत 43 वी. वरचे सगळे गेले म्हणून तिला शपथ घ्यावी लागते, ती भेदरलेल्या चेहऱ्यानं हात वर करते. सैनिक तिला 'शाळामास्तरीण' समजून बाजूला सारू पाहतात. मी भोर तालुक्यात एकोणतीस वर्षं शिकवलं, तो सूर मला पाठ आहे. जुन्या मालिकेत हे पात्रच नव्हतं. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

औंध, भौतिकशास्त्र शिकवतो

आता शेवट. कुणीतरी बोलायला हवंच. चार सीझन राजकारण, कैद्यांचे हक्क, गर्भपात, व्याप्त भूमीतला प्रतिकार, सगळं पोटतिडकीनं दाखवलं. आणि शेवटी? दीड लाख वर्षांपूर्वीची आपली पृथ्वी सापडते. हजारो माणसं एकमतानं औषधं, यंत्रं सगळं सोडून रानात चालू लागतात. मेलेली स्टारबक परत का आली, तर देवाची इच्छा. बोलता बोलता ती गवतात नाहीशी होते. मी वर्गात मुलांना सांगतो, उत्तर येत नसेल तर रिकामं सोडा, पण वाटेल ते लिहू नका. इथं वाटेल ते लिहिलंय.

वारजे

सर, देव शेवटी आणलेला नाही. अगदी सुरुवातीच्या कथेपासून बाल्टरच्या डोक्यातली ती सोनेरी केसांची बाई देवाबद्दलच बोलते. आपण तो त्याचा भ्रम समजलो, मालिकेनं तसं कधी म्हटलं नव्हतं. औषधं टाकून देण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं. माझ्या मुलीला दमा आहे. तो प्रसंग बघताना माझा हात आपोआप तिच्या पंपाकडं गेला.

*(धागाकर्ती: वारज्याच्या दादांनी देवाबद्दल सांगितलेलं खरं आहे, मी पुन्हा पाहून खात्री केली. तरी माझं दुखणं तसंच आहे. ज्या लोकांनी प्रत्येक निर्णयावर चार भाग भांडण केलं, ते हा सगळ्यात मोठा निर्णय भांडणाशिवाय घेतात. मला ते भांडण बघायचं होतं.)*

पिंपळे सौदागर

मला दोन्ही नाही आवडल्या. दूरदर्शनवर लागायचं ते 'स्टार ट्रेक' माझं. तिथं भविष्यात माणूस शहाणा झालेला असतो.

शनिवार पेठ, व्हायोलिन वाजवतो

सहकारनगरच्या काकांसाठी खास लिहितोय. दोन गोष्टी. तुमचा अपोलो, रिचर्ड हॅच, सुरुवातीला नव्या मालिकेच्या सक्त विरोधात होता. जुनीच पुढं न्यावी म्हणून त्यानं स्वतः एक झलक बनवून फिरवली होती. नंतर तो नव्या मालिकेत आला, टॉम झारेक या राजकीय कैद्याच्या भूमिकेत, आणि फार ताकदीनं केलं त्यानं ते काम. तो 2017 मध्ये गेला.

दुसरी गोष्ट संगीताची. जुन्या मालिकेची स्टू फिलिप्स यांची धून आठवते ना, पितळी वाद्यांची, छाती भरून येईल अशी? नव्या मालिकेच्या जगात ती वसाहतींचं राष्ट्रगीत आहे. नवीचं संगीत करणाऱ्या बेअर मॅक्रीरी यांनी ती फार थोड्या वेळा वापरली. मधलं काही बघू नका हवं तर. शेवटच्या भागात सगळा ताफा सूर्याकडं निघतो तेवढं बघा, आणि आवाज मोठा ठेवा.

सहकारनगर, वय 70

काल बघितलं. नात आली होती, तिनं लावून दिलं. ती सोळा वर्षांची आहे, तिनं दोन्ही पाहिलेल्या नाहीत, त्यामुळं मधली माणसं कोण ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही अर्धवट.

रिकाम्या नौका एकामागून एक सूर्यात जातात, पुढं गॅलॅक्टिका. आणि ती धून सुरू झाली. हळू आहे, 78 मधल्यासारखी दणक्यात नाही. मी पहिल्या तीन सुरांतच ओळखली. नातीला म्हटलं, थांब, बोलू नकोस. संपल्यावर तिला परत मागं न्यायला सांगितलं. असं तीनदा.

स्टारबकबद्दलचं माझं मत तेच आहे, लोहगावच्या मुलीनं रागावू नये. पण ज्यांनी जुनी नौका अशी पोचवली, ते तिला विसरले नव्हते एवढं मला मान्य करावं लागेल. पेठेतल्या मुलानं गायत्रीचं लिहिलंय ते वाचून मी रात्री परत विचार करत होतो. सविता म्हणजे सूर्यच की. सुरुवातीला त्याची प्रार्थना, आणि शेवटी सगळं त्याच्याच हवाली.

नात पुढच्या शनिवारी येणार आहे. पहिल्या भागापासून लाव म्हणून सांगितलंय.