लॅब्रॅडॉर पहिल्यांदाच व्यायला झालीये, तयारी काय काय करू?

सोनटक्का
लॅब्रॅडॉर, वय साडेतीन वर्षं, वजन २९ किलो, पहिलीच खेप. पहिल्या मेटिंगपासून मोजलं तर आज ५१वा दिवस. सोनोग्राफीत गाभण असल्याचं कळलंय. दोघांच्या हिप्स, कोपरं, डोळे आणि ब्रुसेला (मेटिंगमधून पसरणारा जंतुसंसर्ग) या तपासण्या मेटिंगआधीच झाल्यात, त्यामुळे तो विषय नको. प्रश्न एवढेच: पेटी केवढी आणि आत काय अंथरायचं? कळा सुरू झाल्या हे कसं ओळखायचं आणि डॉक्टरांना कधी गाठायचं? कॅल्शियम आत्तापासून सुरू करू का? पिल्लांचं वजन रोज करायलाच हवं का?

भूभूकार
पेटीबद्दल मी सांगतो.

लॅबसाठी आतून ४ बाय ५ फूट धरा. भिंती दीड फुटाच्या. पुढची फळी काढता-घालता येईल अशी करा आणि सुरुवातीला ५-६ इंचच ठेवा. आत-बाहेर करताना तिची कास घासता कामा नये. आतून चारी बाजूंनी एक आडवी पट्टी हवीच, जमिनीपासून ४ इंच वर आणि भिंतीपासून ४ इंच आत. आई भिंतीला पाठ लावून धपकन बसते तेव्हा मागे सापडलेलं पिल्लू त्या पट्टीखालच्या पोकळीत वाचतं. दबलेलं पिल्लू ओरडतंच असं नाही, म्हणून 'आम्ही लक्ष ठेवू' यावर विसंबू नका.

व्याताना वर्तमानपत्रं चालतील, ओली झाली की गुंडाळून टाकता येतात. पण सगळं आटोपलं की कागद काढून टाका. गुळगुळीत जागेवर पिल्लांचे पाय फाकत जातात, ती पोटावरच सरकत राहतात आणि छाती चपटी होते. खाली रबरी मॅट, वर जाड फ्लीस (लोकरीसारखं मऊ कापड), कडा मॅटखाली खोचलेल्या. सैल चादर नको, घडीत पिल्लू गुदमरतं.

आता खरा मुद्दा, ऊब. जन्मल्यावर पहिले काही दिवस पिल्लांना थरथरून अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी २९ ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्यात २६ ते २९, चौथ्यापर्यंत हळूहळू २३-२४. थर्मामीटर फ्लीसवर ठेवून बघा. भिंतीवरच्या आकड्याला काही अर्थ नाही. ऊब देणारा दिवा पेटीच्या एकाच कोपऱ्यावर लावा आणि उरलेली पेटी गार राहू द्या, कारण ३० अंश आईला सोसत नाहीत. ती उठून निघून जाते आणि मग पिल्लं दुधावाचून राहतात. पिल्लं ढीग करून कुईकुई करत असतील तर थंडी वाजतेय. लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय. जवळ जवळ लोळत, झोपेत मधूनच झटके देत असतील तर सगळं ठीक. ते झटके बघून घाबरू नका, निरोगी पिल्लू असंच झोपतं.

पेटी आजच मांडा आणि तिला तिथे झोपायची सवय लावा, नाहीतर बाईसाहेब ऐनवेळी पलंगाखाली जाऊन वितील. आणि व्यायच्या आधीचे ३ आठवडे आणि नंतरचे ३ आठवडे बाहेरच्या कुत्र्यांशी संपर्क पूर्ण बंद. कुत्र्यांचा हर्पिस विषाणू मोठ्यांना फारसा जाणवतही नाही, पण नवजात पिल्लांची अख्खी वीण घेऊन जातो. अजून बंद केलं नसेल तर आजपासून करा.

ढवळ्यापवळ्या
कॅल्शियम द्या बिनधास्त. दूध भरपूर येतं आणि हाडंही मजबूत होतात.

रात्रपाळी
ढवळ्यापवळ्या, माफ करा, पण हे देऊ नका. गाभणपणात वरून कॅल्शियम मिळत राहिलं की रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावतात आणि हाडांतून कॅल्शियम काढायचं काम थंडावतं. पुढे दूध जोरात सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने घसरतं, आणि ग्रंथींना तेवढ्यात जाग येत नाही. याला एक्लाम्प्सिया म्हणतात. व्यायल्यावर पहिल्या ३-४ आठवड्यांत होतो. छोट्या जातींत जास्त दिसतो, पण मोठी वीण असेल तर लॅबही सुटत नाही. धापा, बेचैनी, पाय ताठ टाकत चालणं, थरथर आणि मग झटके. यातलं काही दिसलं तर पिल्लं लगेच बाजूला काढायची आणि तिला तडक डॉक्टरांकडे न्यायचं. घरी गोळी चारत बसायची ही वेळ नाही. कॅल्शियम शिरेतून, हृदयाचे ठोके ऐकत, हळूहळू द्यावं लागतं.

तिला हवंय ते चांगलं पपी फूड. नेहमीच्या खाण्यात मिसळत ७-८ दिवसांत पूर्ण त्यावर आणा. शेवटी शेवटी नेहमीपेक्षा २५ ते ५० टक्के जास्त, पण ३-४ वेळांत विभागून, कारण पोटात जागाच उरत नाही. पिल्लं ३-४ आठवड्यांची होतील तेव्हा ती दुप्पट-तिप्पट खाईल. खाऊ द्या.

आता कळांबद्दल. ५५व्या दिवसानंतर एक्स-रे काढा. त्याआधी हाडं पुरेशी उमटत नाहीत आणि मोजणी चुकते. पिल्लं किती हे माहीत असल्याशिवाय 'झालं की अजून एक आहे' हे रात्री तीन वाजता ठरवता येत नाही. मेटिंगवरून तारीख पक्की धरू नका, नराचं बीज तिच्या शरीरात कित्येक दिवस टिकतं. ओव्ह्युलेशनपासून (मादीचं बीज सुटल्यापासून) ६३ दिवस, मेटिंगपासून मात्र ५८ ते ७० यांत कधीही.

५७व्या दिवसापासून गुदद्वारातलं तापमान दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी घ्या आणि लिहून ठेवा. एरवी ते १०१-१०२ फॅरनहाइट असतं, शेवटच्या आठवड्यात थोडं कमी. एकदम ९९च्या खाली गेलं की साधारण २४ तासांत कळा. ही घसरण काही तासच टिकते, म्हणून दिवसातून एकदाच मोजलं तर हुकते.

पहिला टप्पा ६ ते १२ तास, पहिलटकरणीत २४ तासांपर्यंत. उकरणं, धापा, थरथर, खाणं नाकारणं, एखादी उलटी, हे सगळं चालेल. दुसऱ्या टप्प्यात ती पोट आवळून जोर लावते, तेव्हा घड्याळ लावा. जोरकस कळा ३० मिनिटं येऊनही पिल्लू नाही, किंवा आत पिल्लं शिल्लक असताना दोन तास काहीच नाही, तर डॉक्टर. पहिल्या पिल्लाच्या आधी हिरवा स्राव दिसला तर वार (प्लासेंटा) आतल्या आत सुटली आहे, वाट बघायची नाही. पहिल्या पिल्लानंतर तोच हिरवा रंग नेहमीचा. तापमान घसरून २४ तास उलटले आणि कळाच नाहीत, तरीही डॉक्टर.

पायाळू पिल्लं बघून दचकू नका, कुत्र्यांत पाचांतली दोन तशीच येतात. फक्त पाय पोटाखाली दुमडून नुसती शेपूट आणि ढुंगण पुढे आलेलं असेल तर अडतं. बाहेर आलेलं पिल्लू ओढायचंच असेल तर स्वच्छ कापडाने धरून, कळेबरोबरच, खाली तिच्या पायांच्या दिशेने.

पिशवी तिने मिनिटभरात फोडली नाही तर तुम्ही तोंडापाशी फाडा, तोंड-नाक पुसा, डोकं किंचित खाली ठेवून टॉवेलने खसाखसा चोळा. पिल्लू हातात धरून झटकायची जुनी पद्धत सोडा, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. नाळ पोटापासून एक इंचावर दोऱ्याने बांधा, त्याच्या पलीकडे कापा, टोक आयोडिनमध्ये बुडवा. फार जवळ कापली तर रक्त थांबत नाही. बाहेर पडलेल्या वारा (प्लासेंटा) मोजा. एक-दोन तिने खाल्ल्या तर हरकत नाही, सगळ्या खाल्ल्या तर जुलाब. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरात ठेवून 'गरज पडली तर' असला प्रकार अजिबात नको. पिल्लू अडलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

वजनकाटा
हो, रोज. किचनचा डिजिटल काटा, त्यावर डबा, ग्रॅममध्ये, रोज एकाच वेळी. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. ओळखायला प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैलसर बांधा आणि ती दर दोन दिवसांनी बदला, मानेचा घेर भराभर वाढतो.

पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं, १० टक्क्यांच्या वर नाही. त्यानंतर रोज ५ ते १० टक्के वाढ आणि ८-१० दिवसांत जन्माच्या दुप्पट. पिल्लू आजारी दिसण्याच्या आदल्या दिवशीच काटा अडकलेला असतो, म्हणून हा खटाटोप. पहिल्या १२ तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. २४ तासांनंतर त्यातली प्रतिकारद्रव्यं आतड्यातून रक्तात शिरत नाहीत.

कात्रीकंगवा
कुणी सांगितलं नाही म्हणून: ५५-५६व्या दिवशी सडांभोवतीचे आणि शेपटीखालचे केस आखूड करा. लॅबला थोडंच लागतं, लांब केसांच्या जातींत मात्र पिल्लाच्या मानेला केसांचा फास बसू शकतो. सुवासिक शाम्पू नको, कोमट पाण्याने पुसलं तरी पुरे. गोचीड-पिसवांचं औषध तिच्या अंगावर घालण्याआधी त्यावर 'गाभण व दूध पाजणाऱ्या मादीसाठी' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा, पिल्लं तेच अंग चाटणार आहेत.

पिल्लांची नखं पहिल्या आठवड्यापासून दर आठवड्याला, फक्त टोकाचा पांढरा आकडा. नाहीतर दूध पिताना कास ओरबाडली जाते, जखमेतून जंतू आत जातात आणि सड सुजतो. गरम, टणक, दुखरा सड आणि दुधाचा रंग बदललेला, म्हणजे डॉक्टर.

सोनटक्का
सर्वांचे आभार. आठ पिल्लं झाली, बाळंतीण ठीक आहे. एकाची काळजी वाटते. जन्मतः ३१० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी २९५, आज तिसऱ्या दिवशी २९६. बाकी सगळी चारशेच्या पुढे. सारखं कुईकुई करतं. बाटलीने दूध पाजू का?

वजनकाटा
आधी तापमान, मग दूध. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून अगदी टोकच आत घाला. या वयात ९५ ते ९९ फॅरनहाइट नेहमीचं. ९५च्या खाली असेल तर दूध पाजायचं नाही. गार पिल्लाचं आतडं थांबलेलं असतं, दूध तिथेच कुजतं किंवा उलटून फुफ्फुसात जातं. टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीशेजारी किंवा कपड्यांच्या आत अंगाशी धरून एक-दोन तासांत हळूहळू गरम करा. तोपर्यंत तोंड उघडून टाळू बघा. फट असेल तर पिताना दूध नाकातून येतं.

गरम झालं की मागच्या सडाला लावा, तिथे दूध जास्त असतं. धटिंगणांना दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि हे दर दोन तासांनी करा, रात्रीसुद्धा. तरी काटा हलला नाही तर कुत्र्याच्या पिल्लांसाठीचं पावडरचं दूध, अंगाइतकं कोमट करून. गाईचं पातळ पडतं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिलीहून जास्त नाही, म्हणजे याला १२ मिली. पिल्लू पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं. करंगळी तोंडात घातल्यावर चोखत नसेल तर आजच डॉक्टर, उद्यावर ढकलू नका.

रात्रपाळी
+१. आणि जंत राहिले होते, ते आत्ताच लिहून ठेवा. गोलजंतांच्या अळ्या गर्भातूनच पिल्लांत येतात, दुधातूनही येतात. म्हणून २, ४, ६ आणि ८ आठवड्यांना पिल्लांना जंताचं औषध, डोस त्या दिवशीच्या वजनावर, आणि आईलाही त्याच वेळी. आठ पिल्लं अंदाजाने एकाच मापाने उरकायची नाहीत, ३१० ग्रॅमवाल्याला तोच डोस जास्त होतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पपी फूड कोमट पाण्यात भिजवून, लापशीसारखं, उथळ ताटलीत. पहिल्या दिवशी ती त्यात लोळतील, दुसऱ्या दिवशी खातील. लसी ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं लस मारून टाकतात आणि ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, म्हणून एकाच डोसवर थांबू नये. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणाला देऊ नका, कितीही मागे लागले तरी. दात किती जोरात लावायचा हे ती याच दिवसांत भावंडांकडून शिकतात. देताना जंताच्या औषधाच्या तारखा, लसीचं कार्ड आणि चालू असलेलं खाणं आठवडाभर पुरेल एवढं बरोबर द्या.