एसटीचं महाबळेश्वर दर्शन: वयस्कर आईसोबत एका दिवसात?

प्रश्न: आई सत्तरीची, गुडघे दुखतात. एसटीच्या बसने प्रतापगड आणि पॉइंट (दरी बघायच्या जागा) एकाच दिवशी जमतील का?

उत्तर १: दोन्ही एकदम नको. प्रतापगडाला आंबेनळी घाट उतरून जावं लागतं, वर साडेचारशेच्या आसपास पायऱ्या. बस ठरावीक वेळच थांबते, म्हणून सावकाश चढणाऱ्यांची ओढाताण होते. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या. मागची सीट टाळाच, वळणांवर तिथेच जास्त हेलकावे बसतात.

उत्तर २: क्षेत्र महाबळेश्वर (जुन्या मंदिरांचं गाव) मात्र चुकवू नका. पंचगंगा मंदिरात गोमुखातून धार पडते, फरशी कायम ओली असते. आईंचा हात धरा. ऑर्थरसीट पॉइंट सकाळीच बघा. पावसाळ्यात ढगांपलीकडे काही दिसत नाही.

उत्तर ३: विल्सन पॉइंट (१,४३९ मीटर) सूर्योदयाचा, त्यासाठी पहाटे वेगळी टॅक्सी करा.